साहेबाच्या जहाजाच्या काचा

आमच्या घरात कुणी कुणाशी गोड बोलत नसे. भांडण झालं म्हणून नव्हे, तशी रीतच होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी उठले की पहिली शिवी कुत्र्याला देत, दुसरी मला, आणि तिसरी ज्याच्या नशिबात असेल त्याला. अव्वा, माझी आई, चुलीकडं तोंड करून पुटपुटायची. ऐकायची चूल, पण बोलणं आम्हा दोघांसाठी असायचं. आमची सोलापुरातली आळी सगळी कातडं कमावणाऱ्यांची. दारापुढं चुन्याची कुंडं, मागं तरवडाच्या सालीचे ढीग, दिवसभर साल कुटल्याचा धपधप आवाज, आणि वास. त्या वासाबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांनी जन्मभर आम्हाला वासावरून ओळखलं आणि आम्ही दिसलो की नाकाला धोतराचा सोगा लावला, त्यांच्या नाकाची हौस मी म्हातारपणी पुरवणार नाही. आम्हाला तो यायचाच नाही. आम्हाला वास यायचा तो जवसाच्या चटणीचा, तव्यावर फुगलेल्या भाकरीचा, आणि अप्पांनी करडईचं तेल कढायला ठेवलं की रोगणाचा.

रोगण हा अप्पांचा अभिमान. आता मोट म्हणजे काय हेही नातवंडांना समजावून सांगावं लागतं. विहिरीतून बैलांनी ओढायची ती कातड्याची मोठी पिशवी. ती शिवणीतून गळायला लागली की बैल ओढतात एक आणि पाटात पडतं अर्धं. म्हणून शिवणींना रोगण लावायचं. अप्पा करडईचं तेल लोखंडी कढईत मंद जाळावर इतका वेळ कढवत की ते काळपट व्हायचं, काकवीसारखी तार धरायचं. जाळ जरा जास्त झाला तर कढईच पेटायची. म्हणून त्या दिवशी आळीतली पोरं, कोंबड्या, शेरडं सगळी आमच्या परसापासून लांब. तेलाला हवी तशी तार आली की अप्पा ते थंड पाण्याच्या कुंडात ओतत. चर्र आवाज व्हायचा, धूर उठायचा, आणि पाण्यात चिकट, लवचीक गोळे तयार व्हायचे. ते पाण्यातच राखून ठेवायचे आणि लागेल तसे बोटांनी मळून शिवणीत भरायचे. ते वाळत नाही, तडकत नाही, आणि हाताला लागलं तर दोन दिवस निघत नाही. वळसंगपासून मंगळवेढ्यापर्यंतचे शेतकरी मोट घेऊन आमच्याकडं येत. मोट लांब जमिनीवर टाकत, आणि ते मागं सरकले की अप्पा जाऊन ती उचलत. उचलताना त्या शेतकऱ्यालाही ऐकवत, "मोट हाय का भाताचं पोतं? उंदरं सोडली व्हती व्हय आत?" शेतकरी ऐकून घेत. कारण अप्पांनी लिंपलेली मोट गळत नसे.

मला मात्र त्या सगळ्याचा संताप होता. मी तेव्हा सतरा वर्षांचा असेन. मिशनच्या रात्रशाळेत जाऊन मराठी चांगलं आणि इंग्रजी मोडकंतोडकं शिकलो होतो. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की सगळं शहर उठायचं, आणि रस्त्यानं पावलांची गर्दी सुरू व्हायची. त्या पावलांत मला माझी पावलं हवी होती. तीही झाडूखात्यात नकोत. मला साळखातं हवं होतं, जिथं साच्यांवर कापड विणलं जातं. स्वच्छ सदरा घालून साच्यापुढं उभं राहायचं, धोटा इकडून तिकडं पळतोय, कापड खाली उतरतंय, आणि हाताला कसलाही वास नाही. भोंगा वाजला की अप्पा मुद्दाम साल जोरात कुटायला लागत. मी गिरणीचं नाव काढलं की म्हणत, "ते तुला आत घ्येनार न्हाईत. आन घ्येतलंच तर मी तुला घरात घ्येनार न्हाय. दोनी दारं बंद हायती, बस मधी." त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मला बाप आवडत नव्हता. 

त्या वर्षी गिरणीच्या विणकाम साहेबानं मुंबईहून एक शिडाचं होडकं आणलं. रेल्वेच्या उघड्या डब्यावरून आलं, तेव्हा निम्मं शहर स्टेशनावर बघायला गेलं होतं. ज्या गावात उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी डोकी फुटतात, तिथं या माणसाला पाण्यावर फिरायची हौस! होडकं हिप्परग्याच्या तलावात सोडलं. मध्यभागी बसायला एक ठेंगणी खोली, खोलीला दोन्ही अंगांना दोन-दोन काचेच्या खिडक्या, वर पांढरं शीड. गावानं त्याला जहाज केलं. पण मुंबईच्या दमट हवेत बांधलेलं लाकूड आमच्या उन्हात आक्रसलं. खिडक्यांच्या काचा ज्या लांबीत, म्हणजे खडू नि तेल मळून केलेल्या लुकणात, बसवल्या होत्या, ती वाळून तडकली आणि पडली. होडकं वाऱ्यावर कललं की लाटा खिडक्यांवर आपटायच्या नि पाणी आत, थेट मडमेच्या मांडीवर. साहेबाचा एक मिस्त्री होता, सुतारकामातला नावाजलेला, कपाळाला गंध, कानाला पेन्सिल. त्यानं नवी लांबी भरली, ती तडकली. पुन्हा भरली, पुन्हा तडकली. मग म्हणायला लागला की इथली हवाच नासकी, काच बिलायती, लाकूड परमुलखाचं. नाचता येईना अंगण वाकडं.

साहेबाच्या घोड्यांचे मोतद्दार उस्मानचाचा खोगिरं शिवून घ्यायला आमच्याकडं येत. आमच्या दारात बिनदिक्कत खाट ओढून बसणारा आळीबाहेरचा तो एकच माणूस. त्यांनी एके दिवशी बोलता बोलता सांगितलं, "अप्पा, साब के जहाज में पानी घुसरा. मिस्तरी का कुछ नै चलरा. तुमारा वो करडी का चिकट लगाव ना, मैं साब कू बोलतूं." अप्पांनी मान वर केली नाही, पण हातातली कातडं टोचायची आरी थांबली. "मिस्तरीला जमंना व्हय?" एवढंच विचारलं. उस्मानचाचा म्हणाले, "नै बोले तो नै." अप्पांनी अव्वाला हाक मारून तेल किती आहे विचारलं.

साहेबाच्या बंगल्यावर अप्पांबरोबर मी गेलो. आवारात, पायरीच्या खाली उभे. साहेबानं रोगणाचा गोळा छडीच्या टोकानं दाबून बघितला, वास घेतला, तोंड वाकडं केलं, मग परत दाबला. तो ताणला गेला पण तुटेना, हे बघून खूश झाला. पुढच्या रविवारी पाहुणे येणार होते, तोवर काम व्हायला हवं होतं. मी माझं सगळं इंग्रजी गोळा करून मध्येच म्हणालो की काचा गळल्या नाहीत तर मला साळखात्यात घ्या. साहेब हसला. चहाच्या कपावर माशी बसली तर माणूस जेवढा विचार करील तेवढाच करून म्हणाला, "का नाही?" मला तेवढं पुरे होतं. बाहेर रस्त्यावर आल्यावर अप्पांनी विचारलं, "काय बोललास त्याला?" मी सांगितलं. त्यांनी तिथंच, भर रस्त्यात, माझ्या कानाखाली वाजवली. "माज्या रोगनावर तू तुजी नोकरी लावलीस? मला न इचारता?" मी म्हटलं, "नका करू मग काम." ते म्हणाले, "काम करनार. मिस्तरीला जमंना ते मी सोडू व्हय? पन तुज्यासाटी न्हाय, ध्येनात ठेव."

तलावावर आम्ही चालत गेलो, डोक्यावर रोगणाचं मडकं आणि फडक्यात भाकरी. मिस्त्री होडीच्या टोकाशी उभा होता. आम्ही दिसताच ओरडला, "थांबा तिथंच. माझं सामान काढू द्या." त्यानं पेटी काढली, पाण्याचा तांब्या काढला, वाळत घातलेला पंचा काढला, सगळं लांब बाभळीखाली नेऊन ठेवलं, तेव्हा कुठं आम्हाला पाय ठेवू दिला. आत खोलीत अप्पा गुडघ्यांवर बसले. चारही खिडक्यांची जुनी लांबी खरवडून काढली, लाकूड कोरडं पुसलं, मग रोगण बोटांनी मळून काचेच्या कडेनं आतल्या बाजूनं भरायला लागले. काय बोटं होती ती! काच आणि चौकट यांच्यामध्ये ते असं बसवत की केसही जाऊ नये. मी एकदा म्हणालो, "अप्पा, पाणी भाईरनं येतंय की. भाईरनं भरायला नगं का?" ते हात न थांबवता म्हणाले, "तीस वर्सं मोटा लिंपतोय. भाईरनं लिंपलेली मोट कदी बगितलीस? रोगन आतनंच आसतंय." मलाही तसंच ठाऊक होतं. मोट आतून लिंपायची, पाणी वाहायची कातडी पखाल आतून लिंपायची, रांजणाची चीरसुद्धा आतून भरायची. आमच्या सगळ्या पिढ्यांनी पाणी आत राखलं होतं. पाणी बाहेर ठेवायची वेळ आमच्या मुलखात कुणावर आली होती?

रविवारी साहेबानं आम्हाला काठावर हजर राहायला सांगितलं होतं. काम चांगलं झालं असेल तर पाहुण्यांना दाखवायचं असेल, दुसरं काय. वारा चांगला होता. शीड फुगलं, होडकं एका अंगावर कललं आणि तलावाच्या मध्यावर गेलं. खिडक्यांवर पाणी उडताना काठावरून दिसत होतं. मी मनातल्या मनात सदरा धुवायला टाकला होता, सोमवारी कुठल्या फाटकातून जायचं तेसुद्धा ठरवलं होतं. मग आतून मडमेची किंकाळी आली. शीड उतरलं. होडकं वल्ही मारत काठाला आलं, आणि मडम बाहेर पडली तेव्हा तिच्या पांढऱ्या झग्यावर, हातांवर, केसांत रोगणाचे तपकिरी चिकट पट्टे होते. लाटांनी बाहेरून दाबून दाबून रोगण आत ढकललं होतं. ते सुटून लोंबायला लागलं आणि मागून पाणी आलं. पाहुण्यांपैकी एक जण हसत होता. त्या हसण्यानं साहेब जास्त चिडला. त्यानं खिडकीतून रोगणाचा लोळा ओढून काढला आणि अप्पांच्या छातीवर फेकून मारला. तो तिथं चिकटून राहिला. "घाणेरडी माणसं, घाणेरडी वस्तू," असं काहीतरी तो त्याच्या भाषेत म्हणाला. शब्द मला कळले. रात्रशाळेचा तेवढा उपयोग झाला. मिस्त्री बाभळीखाली पोटाला हात लावून हसत होता, आणि त्याचं हसणं मला अजून ऐकू येतं. लोक म्हणतात, आजोबा, आता तरी राग सोडा, ती माणसं मेली. मेली तर मेली. मी अजून आहे.

अप्पांनी छातीवरचा गोळा उपटला. शिवी दिली नाही, मान खाली घातली नाही. गोळा उलटा केला आणि जी बाजू काचेला चिकटली होती ती बघत राहिले. ती ओली होती.

घराकडं येताना मी मागून बोलत होतो. सतरा वर्षांच्या पोराला बापाला जेवढं बोलता येतं तेवढं सगळं बोललो. "तुमी मुद्दाम केलं. मला आत जाऊ द्यायचं न्हवतं म्हनून केलं. मी सांगितलं व्हतं भाईरनं लावा म्हनून. ऐकलं न्हाईत." मी मार खायच्या तयारीनं बोलत होतो. मार आला नाही, आणि त्यानं मी जास्तच भडकलो. घरी आल्यावर अव्वानं भाकरी वाढली. अप्पा जेवले नाहीत. परसात गेले, एक जुनी लहान पखाल काढली, तिच्या शिवणीला आतून रोगण भरलं, तोंड आवळून बांधलं, आणि ती रिकामी पखाल दोन्ही हातांनी कुंडातल्या पाण्याखाली दाबून धरली. बराच वेळ तसेच ओणवे. मग वर काढून फाडली. आत पाणी होतं, शिवणीचं रोगण सुटून पडलं होतं. मग दुसरी घेतली, तिला बाहेरून रोगण लावलं, तशीच दाबली. ती फाडल्यावर आत हात घालून बघितलं. कोरडी ठणठणीत. अव्वा दारात उभी राहून बघत होती. मीही बघत होतो, पण त्यांना दिसणार नाही असा. अप्पा स्वतःशीच म्हणाले, "आतनं न्हाय नि भाईरनं न्हाय. पान्याच्या बाजूनं." मग कुत्र्याला सणसणीत शिवी घातली, तेव्हा घर जरा ताळ्यावर आलं.

मध्यंतरी नातवाच्या घराच्या खिडकीतून पाणी येत होतं. कारागीर आला, नळीतून पांढरं काहीतरी पिळून गेला. मी खुर्चीतून ओरडलो, बाहेरून लाव रे, बाहेरून. सून म्हणाली, बाबा, त्यांना कळतं. कळत असेलही. अप्पांना हे कळायला छातीवर गोळा खावा लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा अप्पा नव्हते. रोगणाचं मडकंही नव्हतं. अव्वानं माझ्यापुढं भाकरीचं गाठोडं आपटलं. "जा. बाप उपाशी गेलाय." मी म्हटलं, "जाऊ दे की." ती म्हणाली, "माज्या हातची भाकर हाय ती, तुज्या रागासाटी वाया जानार न्हाय." म्हणून गेलो. थंडीचे दिवस होते, तलावाच्या पाण्यावर धूर होता. अप्पा छातीएवढ्या पाण्यात उभे, होडक्याला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं खिडकीला बाहेरून रोगण भरत होते. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी परवानगी दिली नव्हती. दात वाजत होते ते काठावर ऐकू येत होतं. मला बघून म्हणाले, "हुबा काय ऱ्हायलास बे? मडकं धर." मी भाकरी काठावर ठेवली आणि पाण्यात उतरलो. असं गार पाणी की शिवीसुद्धा अर्धीच बाहेर पडायची. एका खिडकीचं झालं की होडकं फिरवायचं, मडकं डोक्यावर धरायचं. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं न बघता तासन्‌तास काम करत होतो. माझा राग गेला नव्हता. मडकं मात्र मी हलू दिलं नाही.

शेवटची खिडकी चालू असताना मिस्त्री आला. "कुणी हात लावायला सांगितला? साहेबाला बोलावतो!" आणि धावत गेला. साहेब घोड्यावरून आला, मागून उस्मानचाचा. साहेब छडी उगारूनच उतरला होता. उस्मानचाचांनी काही न विचारता होडक्यावर चढून बादली भरली आणि खिडकीवर जोरात फेकली. मग दुसरी, मग तिसरी. साहेब थांबला. आत वाकून गेला आणि आतून काचेला हात लावून बघत राहिला. "और मारो," म्हणाला. उस्मानचाचांनी लुंगी वर खोचून अशा बादल्या मारल्या की जणू होळीच आहे. एक थेंब आत गेला नाही. साहेब बाहेर आला, गुड म्हणाला, अप्पांकडं न बघता. आम्ही पाण्यातून वर आलो तेव्हा मिस्त्री ओंजळीनं तलावाचं पाणी घेऊन होडक्याच्या फळीवर शिंपडत होता, आमच्या हातांनी ती विटाळली म्हणून. त्याच तलावाचं पाणी. त्यातच आम्ही सकाळपासून छातीपर्यंत बुडून उभे होतो. मी हे त्याला सांगायला तोंड उघडलं, तर अप्पांनी मला कोपरानं ढोसलं. "खुळ्याला श्याना करून काय मिळनार हाय?"

मी साहेबासमोर उभा राहिलो. ओला, कुडकुडत. म्हणालो, "साहेब, काचा गळत नाहीत. साळखातं." त्याला आधी आठवेना. मग आठवलं. म्हणाला, पुढच्या सोमवारी फाटकावर ये.

सोमवारी गेलो. धुतलेला सदरा, केसांना तेल. अप्पा साल कुटत राहिले. साळखात्याच्या दारात साहेब उभा होता आणि समोर खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, त्याच्या मागं विणकर जमलेले. दारातून साच्यांचा आवाज असा येत होता की पायाखालची फरशी हलावी. जॉबर आवाज चढवून साहेबाला सांगत होता, आणि मला ऐकू यावं म्हणून मराठीतून. धोट्यात सुताची नवी कांडी घातली की त्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून काढावा लागतो, ते मला माहीत होतं. एका पाळीत एकानं तोंड लावलेला धोटा दुसऱ्या पाळीत दुसरा तोंडाला लावतो. "ह्येच्या तोंडचा धोटा आमी तोंडाला लावायचा? साचा रिकामा हाय, मान्य हाय. पन ऱ्हाऊ द्या रिकामा. ह्यो आत आला तर समदी भाईर." विणकर एक एक पाऊल दाराकडं सरकले. साहेबानं घड्याळ काढून बघितलं. मग माझ्याकडं वळून जणू मोठं बक्षीस देतोय अशा आवाजात म्हणाला की साळखात्याच्या छपराच्या काचाही गळतात, मिस्त्रीच्या लांबीनं काही होत नाही, तेव्हा पावसाळ्याच्या आधी तू आणि तुझा बाप येऊन ते काम करा. मी थुंकलो. त्याच्या बुटापासून हातभर लांब, पण थुंकलो. फाटकावरच्या पठाणानं मला धक्के मारून बाहेर काढलं.

अप्पांना उस्मानचाचांकडून कळलंच. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं नव्हतं? ते म्हणाले नाहीत. उन्हाळा लागल्यावर, छप्पर गळतं म्हणून थुंकी विसरून साहेबाचं बोलावणं आलं, तेव्हा अप्पांनी कढईभर तेल कढवलं आणि एके दिवशी म्हणाले, "चल, छपराच्या कामाला." मी किंचाळलो की मी मरेन पण जाणार नाही, तुम्हाला लाज नाही. अव्वा मध्ये पडली. अप्पा शांतपणे म्हणाले, "मग मी यकटा जातो." मग गेलो, बापाची दया आली म्हणून नव्हे. साळखातं एकदा तरी डोळ्यांनी बघायचं होतं.

बाहेरून शिडी लावून आम्ही छपरावर चढलो. करवतीच्या दातांसारखं छप्पर, प्रत्येक दाताची एक बाजू काचेची. वैशाखाचं ऊन वरून, काचेची आग खालून. फळीवर पालथं पडून काचेच्या कडेला रोगण भरायचं, बाहेरून, म्हणजे पाण्याच्या बाजूनं. आता सांगायची गरज नव्हती. खाली काचेतून सगळं दिसत होतं. रांगेनं साचे, पांढरं कापड, कापसाच्या तुसांत बुडालेली डोकी, एक विणकर धोटा तोंडाला लावून दोरा ओढतोय. जॉबर पानाची पिंक टाकत फिरतोय. मी इतक्या जवळ होतो की काच नसती तर हात लागला असता. आणि खांबाजवळ एक साचा बंद उभा होता. त्यावर तूस साचलं होतं. महिनोन्‌महिने कुणी हात लावलेला दिसत नव्हता. माझा हात थांबला. ओरडावंसं वाटलं. रडू नव्हतं ते. सूड होता निव्वळ.

अप्पा शेजारच्या काचेवर होते. त्यांनी विचारलं, "काय झालं बे? हात का थांबला?" मी खालीच बघत होतो. त्यांनी माझ्या नजरेच्या दिशेनं खाली बघितलं. "कुटला?" म्हणाले. मी बोटानं दाखवला. "त्यो. खांबाजवळचा. रिकामा." ते बराच वेळ बघत राहिले. ज्या काचेखाली तो साचा होता ती त्यांनीच नुकती भरून संपवली होती, नेहमीसारखी, केस जाणार नाही अशी. हा माणूस आपलं रोगण गळलं म्हणून थंडीत छातीभर पाण्यात उतरला होता. त्यानं उभ्या जन्मात एक शिवण अर्धी सोडली नव्हती. अप्पांनी अंगठा टेकवला आणि त्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून वीतभर रोगण सावकाश खरवडून काढलं. बोटांत मळून गोळा केला, मडक्यात परत टाकला. लाकूड फडक्यानं स्वच्छ पुसलं. "फुडं सरक," म्हणाले, "ऊन लई हाय." आम्ही पुढं सरकलो.

पावसाळा सुरू झाल्यावर उस्मानचाचा आमच्या दारात खाट ओढून बसले. म्हणाले, "अप्पा, छत एकदम अच्छा हुआ. पन एकीच जगा गळरा. जॉबर ने वो बंद सांचा चालू कराया, अपने साले कू बिठाया, और उसीच के डोके पे टपक टपक. कपडा खराब होरा. साब पूछरा, क्या करना?"

अप्पांनी खोगिराच्या शिवणीवरून नजर काढली नाही. "मिस्तरीला सांगा की," म्हणाले. "आमी लावलेलं रोगन गळत न्हाय."

माझ्या तोंडातून हसू फुटलं. घरात हसायची सवय नव्हती, त्यामुळं ते शिंकेसारखं बाहेर आलं. अप्पांनी वर बघितलं आणि हातातली आरी माझ्यावर रोखली. "दात काय काढतोस बे भाड्या? साल कुट."